हंगेरीचा पवित्र मुकुट: राजा नसतानाही ज्याच्या नावाने निकाल दिले जात

१९२० ते १९४४ या काळात हंगेरी हे राज्य होते, पण त्याला राजा नव्हता. सिंहासन रिकामे होते आणि कारभार मिक्लोश होर्ती हा राजप्रतिनिधी पाहत होता. १९३० साली तिथे कायदा झाला की न्यायालयांनी आपले निकाल 'हंगेरीच्या पवित्र मुकुटाच्या नावाने' द्यावेत. म्हणजे चोरीचा खटला असो की जमिनीचा, निकालाच्या माथ्यावर नाव एका दागिन्याचे. आपल्याला हे चमत्कारिक वाटते, पण तिथल्या वकिलाला ते सरळ वाटत होते. त्यांच्या कायद्याच्या परंपरेत राज्य मुकुटाचे होते, आणि राजा हा त्या मुकुटाचा एक भाग.

ही कल्पना मराठी वाचकाला तशी परकी नाही. आपल्याकडे देवस्थानाच्या जमिनीचा सातबारा काढला तर मालक म्हणून देवाचे नाव दिसते. पुजारी येतात-जातात, विश्वस्त बदलतात, जमीन मात्र देवाचीच राहते, कारण कायदा मूर्तीला व्यक्ती मानतो. हंगेरीत मुकुटाला असेच स्थान मिळाले. फरक इतकाच की तिथे एखाद्या शेताचा नाही, सगळ्या देशाचा प्रश्न होता.

हंगेरियन भाषेत त्याला 'सेंट कोरोना' म्हणतात. सेंट म्हणजे पवित्र, आणि कोरोना हा मुकुटासाठीचा लॅटिन शब्द. हा मुकुट आज बुडापेस्टच्या संसद भवनात, घुमटाखालच्या दालनात काचेआड ठेवलेला आहे. वजन सुमारे दोन किलो. सोने, मोती, रंगीत खडे आणि मिन्याची चित्रे. दोन्ही कानांवर चार-चार आणि मागे एक, अशा बारीक साखळ्या लोंबतात. माथ्यावर क्रूस आहे आणि तो वाकडा आहे.

आता हा आला कुठून?

शाळेत शिकवली जाणारी कथा अशी. मॅग्यार, म्हणजे हंगेरियन, टोळ्यांना ख्रिस्ती धर्माच्या वळणावर आणणारा इश्तवान इ.स. १००० च्या नाताळात, किंवा १००१ च्या पहिल्या दिवशी, हंगेरीचा पहिला राजा झाला आणि त्याला मुकुट पाठवला पोप दुसरा सिल्व्हेस्टर याने. सुमारे शंभर वर्षांनी हार्टविक नावाच्या बिशपने इश्तवानचे चरित्र लिहिले, त्यात तर असे आहे की पोपने तो मुकुट पोलंडच्या राजासाठी करवून घेतला होता. पण स्वप्नात देवदूत आला आणि म्हणाला, उद्या एका अनोळखी लोकांचे दूत येतील, मुकुट त्यांना दे. इश्तवानच्याच काळातला जर्मन इतिहासकार थीटमार मात्र वेगळा सूर लावतो: इश्तवानला मुकुट मिळाला तो सम्राट तिसरा ऑटो याच्या कृपेने आणि आग्रहाने. पोपकडून की सम्राटाकडून, हा वाद फक्त इतिहासाचा नव्हता. ज्याच्याकडून मुकुट घेतला त्याचे आपण मांडलिक, असा त्याचा अर्थ लावता येत असे. म्हणून प्रत्येक शतकात लोकांनी आपल्या सोयीची कथा पुढे केली.

खरी अडचण मुकुटाकडे नीट पाहिल्यावर येते. त्याचे दोन भाग आहेत. खालचा गोल पट्टा आहे त्याला 'ग्रीक मुकुट' म्हणतात, कारण त्यावरची अक्षरे ग्रीक आहेत. समोर ख्रिस्त, बाजूंना देवदूत आणि संत. मागच्या बाजूला कोण? बायझंटाइन सम्राट सातवा मायकेल डुकास, त्याच्या एका बाजूला त्याचा सहसम्राट, आणि दुसऱ्या बाजूला हंगेरीचा राजा पहिला गेझा. मायकेलने १०७१ ते १०७८ राज्य केले, गेझाने १०७४ ते १०७७. इश्तवान तर १०३८ मध्येच वारला होता. म्हणजे हा पट्टा त्याच्या डोक्यावर बसणे शक्यच नाही.

त्या चित्रांत राजकारणही कोरलेले आहे. सम्राटांच्या डोक्यामागे तेजोवलय आहे, गेझाच्या मागे नाही. गेझाचे डोळे सम्राटाच्या दिशेने वळलेले आहेत. शेजारी लिहिले आहे: 'गेझा, तुर्किया देशाचा विश्वासू राजा'. कॉन्स्टँटिनोपलचे लोक हंगेरियनांना तुर्क म्हणत, म्हणून तुर्किया. 'विश्वासू' हा शब्द तिथे प्रेमाने आलेला नाही. कोण वर आणि कोण खाली ते त्यात सांगून टाकले आहे. ज्या वस्तूला पुढे हंगेरीच्या स्वातंत्र्याचे प्रतीक मानले गेले, तिच्याच पाठीवर दुसऱ्या सम्राटापुढे झुकण्याची नोंद आहे. मला या मुकुटातली ही सगळ्यात विलक्षण गोष्ट वाटते.

वरचा भाग म्हणजे एकमेकांना छेदणाऱ्या पट्ट्या. त्यावर लॅटिन अक्षरे आणि आठ प्रेषितांची चित्रे आहेत. प्रेषित बारा असतात. इथे आठच, म्हणून अनेक अभ्यासकांना वाटते की या पट्ट्या मुळात दुसऱ्याच एखाद्या वस्तूवरच्या असाव्यात. त्या खालच्या पट्ट्याला केव्हा जोडल्या यावर एकमत नाही. बरेच जण बाराव्या शतकाच्या अखेरीस, तिसऱ्या बेलाच्या काळाकडे बोट दाखवतात. माथ्यावर जिथे पट्ट्या मिळतात तिथेही ख्रिस्ताचे चित्र आहे, आणि क्रूस बसवण्यासाठी त्या चित्राच्याच मधोमध भोक पाडले आहे. मूळ कारागिराने असे कधी केले नसते. क्रूस नंतरचा, हे त्यावरूनच कळते.

मग इश्तवानचा मूळ मुकुट? १०४४ मध्ये जर्मन राजा तिसरा हेन्री याने हंगेरीच्या अबा शामुएलचा पराभव केला आणि हंगेरीचा मुकुट व भाला रोमला पाठवून दिला. पोप सातवा ग्रेगरी १०७४ मधल्या पत्रात त्याचा उल्लेख करतो. तो मुकुट पुन्हा हंगेरीत दिसला याचा पुरावा नाही.

तरीही तेराव्या शतकात लोक या जोडलेल्या मुकुटालाच इश्तवानचा मुकुट मानू लागले. 'पवित्र मुकुट' हे शब्द लेखी स्वरूपात १२५६ मध्ये प्रथम सापडतात. इश्तवानला संत म्हणून १०८३ मध्येच मान्यता मिळाली होती. संताने डोक्यावर घेतलेली वस्तू पवित्र, हा साधा तर्क. वस्तू बदलली, श्रद्धा तीच राहिली, आणि पुढचा सगळा कायदा त्या श्रद्धेवर उभा राहिला.

त्या श्रद्धेची ताकद १३०१ नंतर दिसली. त्या वर्षी इश्तवानचे घराणे, आर्पाद वंश, पुरुष वारसाविना संपले. गादीवर तीन-चार परकी घराण्यांचा दावा. बोहेमियाच्या राजपुत्राने मुकुट मिळवला आणि तो आपल्या देशी घेऊन गेला. त्याच्याकडून तो बव्हेरियाच्या ऑटोकडे गेला, ऑटोला ट्रान्सिल्व्हेनियाचा सुभेदार लास्लो कान याने कैद केले आणि मुकुट स्वतःकडे ठेवून घेतला. इकडे पोपचा पाठिंबा असलेल्या आंजूच्या चार्ल्स रॉबर्टला १३०१ मध्ये राज्याभिषेक झाला, पण दुसऱ्या मुकुटाने. लोकांनी मानला नाही. १३०९ मध्ये पोपच्या दूताने खास आशीर्वाद दिलेल्या नव्या मुकुटाने पुन्हा केला. तरी मानला नाही. शेवटी लास्लो कानला मुकुट द्यायला भाग पाडले आणि २७ ऑगस्ट १३१० रोजी तिसरा राज्याभिषेक झाला. तेव्हा कुठे तो खरा राजा ठरला. या घटनांतून तीन अटी पक्क्या झाल्या: मुकुट हाच हवा, तो चढवणारा एस्तेरगोमचा आर्चबिशप हवा, आणि जागा सेकेशफेहेर्वार हवी. पोपचा आशीर्वादही या वस्तूची जागा घेऊ शकला नाही.

पुढचे पाऊल १४०१ मध्ये पडले. सरदारांनी आपल्याच राजाला, सिगिस्मुंडला, कैद केले. आता हुकूम कोणाच्या नावाने काढायचे? त्यांनी नवी मोहर बनवली, 'हंगेरीच्या राज्याच्या पवित्र मुकुटाची मोहर', आणि काही महिने कारभार त्या नावाने केला. राजा तुरुंगात, पण राज्य चालू. राजा आणि राज्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे कागदावर उतरले. युरोपात इतरत्रही 'मुकुट' हा शब्द राज्याच्या अर्थाने वापरला जात होता, पण हंगेरीत शब्द आणि ती प्रत्यक्ष वस्तू एकमेकांपासून सुटी झाली नाही.

ती वस्तू किती महत्त्वाची होती ते फेब्रुवारी १४४० मधल्या चोरीवरून कळते. राजा आल्बर्ट आदल्या ऑक्टोबरमध्ये वारला होता. राणी एलिझाबेथ, म्हणजे सिगिस्मुंडची मुलगी, गरोदर होती. ओटोमन तुर्कांशी लढायला देशाला जाणता राजा हवा म्हणून सरदार तिला सांगत होते की पोलंडच्या तरुण राजाशी, व्लादिस्लावशी, लग्न कर. राणीने वेळ काढला आणि आपल्या विश्वासातल्या हेलेने कोटानर या बाईला विशेग्रादच्या किल्ल्यात पाठवले. मुकुट तिथे कुलूपबंद आणि मोहरबंद होता. कोटानरने ही सगळी हकिगत नंतर जर्मन भाषेत सांगून लिहून ठेवली आहे, म्हणून आपल्याला ती एवढ्या बारकाईने माहीत आहे. तिच्याबरोबरचा माणूस रात्री कानशीने कुलपे कापत होता, आवाज बाहेर जाईल म्हणून ती दाराशी प्रार्थना करत जागत होती. मुकुट बाहेर काढल्यावर नवी कुलपे लावून वर पुन्हा मोहर केली. प्रार्थनागृहातल्या लाल मखमली उशीतली थोडी पिसे काढून त्यात मुकुट शिवला. मग घसरगाडीवरून गोठलेली डॅन्यूब ओलांडली. वाटेत बरोबरची एक गाडी बर्फात कलंडली. कोटानर कोमारोमला राणीकडे पोचली त्याच रात्री राणीला मुलगा झाला. २२ फेब्रुवारी.

बारा आठवड्यांच्या त्या बाळाला १५ मे रोजी सेकेशफेहेर्वारमध्ये राज्याभिषेक झाला. त्याचा छोटा भरजरी पोशाख कोटानरने आजोबा सिगिस्मुंडच्या वस्त्रातून गुपचूप शिवला होता. तिन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या: मुकुट खरा, आर्चबिशप खरा, जागा खरी.

आणि तरीही सरदारांनी ते नाकारले. जुलैमध्ये त्यांनी व्लादिस्लावला राजा केले. मुकुट राणीने पळवलेला, म्हणून संत इश्तवानच्या डोक्याचे अवशेष ठेवलेल्या पेटीवरचा मुकुट काढून त्याच्या डोक्यावर ठेवला. त्या वेळी त्यांनी जाहीरनामा काढला तो हंगेरीच्या राज्यघटनेच्या इतिहासातला माझ्या दृष्टीने सगळ्यात धाडसी कागद आहे. त्याचा आशय असा: राजांचा राज्याभिषेक नेहमीच राज्यातल्या लोकांच्या इच्छेवर अवलंबून असतो, आणि मुकुटाचे सामर्थ्य त्यांच्या संमतीत असते. जुना मुकुट सापडला नाही तर त्याचे सगळे सामर्थ्य या नव्या मुकुटात आले असे समजावे. देवदूताच्या स्वप्नापासून निघालेली कथा इथे लोकांच्या मान्यतेपर्यंत येऊन पोचली. अर्थात 'लोक' म्हणजे तेव्हा सरदार आणि उमराव.

सिद्धांत असा धाडसी असला तरी व्यवहारात सगळ्यांना जुनाच मुकुट हवा होता. राणीने तो सम्राट तिसरा फ्रेडरिककडे सोपवला आणि तिथे तो वीसेक वर्षे अडकला. १४५८ मध्ये राजा म्हणून निवडल्या गेलेल्या मात्याशने १४६३ मध्ये ८०,००० सोन्याची नाणी मोजून तो परत मिळवला आणि मार्च १४६४ मध्ये, निवडीनंतर सहा वर्षांनी, अभिषेक करून घेतला. निवड झालेला राजा कारभार पाहू शके. पण कायद्यांना वैध मंजुरी द्यायला आणि कायमच्या सनदा द्यायला डोक्यावर मुकुट चढावा लागे.

या सगळ्याला कायद्याची भाषा दिली इश्तवान वेर्बोत्सी या वकिलाने. देशाचे रूढ कायदे त्याने १५१४ मध्ये संकलित केले आणि ते १५१७ मध्ये व्हिएन्नात छापले गेले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: उमराव हे पवित्र मुकुटाचे अवयव आहेत. राजा उमरावकी देतो, आणि उमराव राजा निवडतात. एकाशिवाय दुसरा नाही. लहान असो की मोठा, सगळ्या उमरावांचे हक्क सारखेच. जमिनीची मालकीही शेवटी मुकुटापासून येते आणि वारस संपला की मुकुटाकडे परत जाते. राजा मेला तरी मुकुट मरत नाही, म्हणून मालकीची साखळी तुटत नाही.

या चित्रात कोण नाही हेही पाहिले पाहिजे. वेर्बोत्सीने हे लिहिले त्याच १५१४ मध्ये ग्योर्ग्य दोझाच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी उठाव केला, तो निर्दयपणे चिरडला गेला आणि कुळांना कायमचे धन्याच्या जमिनीशी बांधून टाकले गेले. वेर्बोत्सीच्या संकलनातही ते कायम गुलामीचे कलम आहे. राजाला बांधून ठेवणारा हा मुकुट देशातल्या बहुसंख्य माणसांसाठी मुकुट नव्हता, कुंपण होते. या सिद्धांताचे कौतुक करताना हे विसरणे मला अप्रामाणिक वाटते.

राजाला तो खरोखर बांधून ठेवत होता का? दुसऱ्या योझेफचे उदाहरण बघा. हंगेरीची गादी तेव्हा ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे होती आणि त्या घराण्याचा हा सम्राट १७८० मध्ये तिच्यावर आला. त्याने हंगेरीत राज्याभिषेक करून घेतलाच नाही, कारण अभिषेक म्हणजे शपथ, आणि शपथ म्हणजे जुने हक्क जपण्याचे वचन. त्याला तर सगळे बदलायचे होते. १७८४ मध्ये त्याने मुकुट व्हिएन्नाच्या खजिन्यात नेला. हंगेरियनांनी त्याला 'टोपीवाला राजा' असे नाव दिले: मुकुट नाही, नुसती टोपी. त्याच्या सुधारणांत धर्मस्वातंत्र्यासारख्या चांगल्या गोष्टीही होत्या. पण अभिषेक न झालेल्या राजाचे हुकूम म्हणून त्यांना विरोध वाढत गेला. जानेवारी १७९० मध्ये, मृत्युशय्येवर, त्याने बहुतेक हुकूम मागे घेतले. फेब्रुवारीत मुकुट परत आला तेव्हा रस्तोरस्ती त्याचे स्वागत झाले. पुढच्याच संसदेने कायदा केला की नव्या राजाने सहा महिन्यांच्या आत अभिषेक करून घेतलाच पाहिजे.

फ्रान्झ योझेफ १८४८ मध्ये सम्राट झाला तेव्हा हंगेरीत क्रांती सुरू होती. त्याच वर्षीच्या एप्रिल कायद्यांनी कुळांची बांधिलकी संपवली. पुढच्या वर्षी क्रांती हरल्यावर मंत्री बेर्तालान सेमेरेने देश सोडण्याआधी मुकुट ओर्शोवाजवळ जमिनीत पुरला. १८५३ मध्ये ऑस्ट्रियनांना तो सापडला. पण पेटी सापडून उपयोग नव्हता. समेट होईपर्यंत फ्रान्झ योझेफ हंगेरियनांच्या लेखी अभिषेक न झालेलाच राहिला. तो समेट १८६७ मध्ये झाला. ८ जूनला अभिषेक झाला आणि मग राजा घोड्यावरून एका टेकाडावर चढला. टेकाड देशातल्या सगळ्या परगण्यांतून आणलेल्या मातीचे होते. तिथून त्याने चारी दिशांना तलवार फिरवली: कुठूनही शत्रू आला तरी देश राखीन. असा शेवटचा सोहळा ३० डिसेंबर १९१६ रोजी चौथ्या कारोयसाठी झाला.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० च्या ट्रियानॉन तहाने, हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला. मग मुकुटाचा आणखी एक अर्थ पुढे आला. क्रोएशिया, ट्रान्सिल्व्हेनिया, आजचा स्लोव्हाकिया हे सगळे 'पवित्र मुकुटाचे प्रदेश' होते. मुकुट अखंड, म्हणून प्रदेशही अखंड, असा दावा. शेजाऱ्यांच्या कानाला हा शब्द आजही वेगळा लागतो, तो या इतिहासामुळे. याच काळात इतिहासकार फेरेन्त्स एक्कहार्टने १९३१ मध्ये लिहिले की मुकुटाचा हा सगळा सिद्धांत हजार वर्षांचा नाही. तो हळूहळू घडला आणि त्याला अखेरचा आकार एकोणिसाव्या शतकातल्या कायदेपंडितांनी दिला. त्याच्यावर एवढी टीका झाली की विषय संसदेत गेला. आज बहुतेक इतिहासकार त्याच्याच बाजूने आहेत.

नोव्हेंबर १९४४ मध्ये हंगेरियन नाझी पुढारी फेरेन्त्स सालाशीने याच मुकुटापुढे पदाची शपथ घेतली. मुकुटाच्या वाट्याला आलेला तो सगळ्यात काळा दिवस. रशियन फौजा जवळ आल्यावर मुकुट ऑस्ट्रियात नेला गेला आणि माटझे गावाजवळ पेट्रोलच्या पिंपात घालून पुरला गेला. तो अमेरिकन सैन्याच्या हाती लागला आणि पुढे केंटकीतल्या फोर्ट नॉक्स इथे, अमेरिकेच्या सोन्याच्या साठ्याशेजारी, १९७८ पर्यंत राहिला. अमेरिकेने तो लूट मानला नाही. हंगेरियन जनतेची ठेव मानला. ६ जानेवारी १९७८ रोजी परराष्ट्रमंत्री सायरस व्हान्स यांनी तो बुडापेस्टच्या संसदेत परत केला. कम्युनिस्ट सरकारला मुकुट देऊ नका म्हणून अमेरिकेतल्या हंगेरियनांनी निदर्शने केली होती.

१९९० मध्ये लोकशाही आल्यावर प्रजासत्ताकाच्या राजचिन्हावर मुकुट परत आला. तो नको, असे म्हणणारेही त्या चर्चेत होते. १ जानेवारी २००० रोजी त्याला संग्रहालयातून संसद भवनात आणले गेले. आणि २०१२ पासून लागू झालेल्या नव्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत वाक्य आले की हा मुकुट देशाच्या राज्यसत्तेचे घटनात्मक सातत्य आणि राष्ट्राची एकता मूर्त करतो. हंगेरी प्रजासत्ताक आहे. कोणी राजा येणार नाही, मुकुट कोणाच्या डोक्यावर चढणार नाही. पण घटनेच्या 'आर' कलमात असेही म्हटले आहे की घटनेचा अर्थ लावताना ही उद्देशिका आणि 'ऐतिहासिक राज्यघटनेने मिळवलेल्या गोष्टी' लक्षात घ्याव्यात. त्या गोष्टी कोणत्या, याची यादी घटनेत नाही. २०१५ मध्ये युरोपीय संघाने निर्वासितांच्या वाटपाचा निर्णय घेतला, त्यानंतर २०१६ मध्ये हंगेरीच्या घटना न्यायालयाने याच ऐतिहासिक राज्यघटनेचा आधार घेऊन सांगितले की देशाची घटनात्मक ओळख नव्या घटनेने निर्माण केलेली नाही, फक्त मान्य केलेली आहे. मुकुटाचे अवयव कोण, हे वेर्बोत्सीने लिहून ठेवले होते. आता त्या जुन्या परंपरेतले काय आजही बंधनकारक आहे, हे पंधरा न्यायाधीश एकेका खटल्यात ठरवतात.